मावशीची लाल पाटी

बर्नडीन युर्कानिननं शाळेच्या मानसतज्ज्ञ बाईंच्या डोक्यात लाल पाटी हाणली, असं गावात बोललं जातं. चर्चच्या तळघरात शुक्रवारी पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळणाऱ्या बायकांनी तर त्या बाईंना टाकेसुद्धा घालून टाकले.

खोटं आहे. पाटी फक्त वर झाली. तीही बसल्या जागेवरून.

'थांबा' लिहिलेली ती पाटी म्हणजे आमच्या बर्नडीन मावशीची भाकरी. शाळेसमोरच्या चौकात उभं राहून गाड्या अडवायच्या, पोरांना पलीकडे सोडायचं, हे तिचं काम. तिचा विश्वास मात्र कुणावरच नाही. अंड्यांचा डबा घेताना ती एकेक अंडं उचलून बघते. टीव्हीवर ऊन सांगितलं की छत्री घेते. फादरनी "देव तुझं भलं करो" म्हटलं, तर विचारते, "का? काय ऐकलंत?"

तिचा पोरगा टेडी तिसरीत. वर्गात मधूनच भडकायचा, खुर्ची उलथवायचा. शाळेनं त्याच्या तपासण्या केल्या आणि मावशीला बैठकीला बोलावलं. सोबतीला मी. अशा पोराला जादा मदत हवी असेल, तर त्याची अडचण कुठल्या प्रकारातली ते आधी ठरतं. मग वर्ग, शिक्षक, सगळं त्या प्रकाराच्या मागोमाग. आणि आईची सही लागते.

मानसतज्ज्ञ ट्रेक्सलर बाई नव्या होत्या. आवाज मधात बुडवलेला.

"मिसेस युर्कानिन, टेडी इतका गोड मुलगा आहे..."

"गोडानं सुरुवात केलीत म्हणजे पुढं कडू आहे. बोला."

"आम्हाला वाटतं, भावनिक अस्वास्थ्य हा प्रकार त्याला लागू पडेल. छोटा वर्ग, रोज समुपदेशन..."

"कुठल्या इमारतीत?"

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. "तो वर्ग ना, डोंगरापलीकडच्या शाळेत भरतो. व्हॅन न्यायला येते."

ती पांढरी व्हॅन मावशी रोज चौकात अडवायची. काचेला नाक लावून बसलेली पोरं तिला तोंडपाठ होती. त्यातलं एकही परत या शाळेच्या पायऱ्या चढलेलं तिनं पाहिलं नव्हतं. आपला टेडी त्या काचेमागं?

तिनं मांडीवरची पाटी वर केली. सगळे थांबले. मुख्याध्यापकांची तर फिरती खुर्चीसुद्धा थांबली.

"पुन्हा तपासा," मावशी म्हणाली.

मग ट्रेक्सलर बाई वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसल्या. ओळीनं वाचन सुरू व्हायचं, टेडीची पाळी जवळ यायची आणि धाडकन खुर्ची पडायची. पोराला अक्षरंच लागत नव्हती. कळू नये म्हणून तो आधीच दंगा करून वर्गाबाहेर जायचा.

"तुम्ही हट्ट धरलात ते बरं झालं," पुढच्या बैठकीत बाई म्हणाल्या. "भावनिक नाही, वाचनाची अडचण आहे. तोच प्रकार लावू. टेडी इथंच राहील, वाचनाच्या बाई त्याला रोज वेगळं बसवून शिकवतील."

मावशीला हवं तेच मिळालं होतं. म्हणजे संशय आलाच.

"एवढ्यात? परवापर्यंत डोकं बिघडलेलं होतं, आज नुसतं वाचन? मधे काय, लूर्दच्या चमत्कारी पाण्यानं धुतलंत त्याला?"

सही न करता तिनं कागद घरी आणले आणि मला वाचायला बसवलं. नकला करायची मला खोडच, मावशीची तर रोज. मी ट्रेक्सलर बाईंच्या आवाजात सुरू केलं. टेडी हसून हसून लोळला. मावशी नाही.

"ए पोपटा, मध काढ आणि वाच."

मध काढूनही तेच निघालं. तिनं सही केली. पेनाचं टोपण लावता लावता म्हणाली, "तरी सोमवारी व्हॅन त्याला न्यायला येणार. बघच तू."

"मावशी, स्पष्ट लिहिलंय, याच शाळेत!"

"लाव पैज."

मी जिंकले तर मावशीच्या हातचा, अक्रोड भरलेल्या गोड पावाचा अख्खा रोल माझा. हरले तर ईस्टरपर्यंत मावशीची नक्कल बंद. मी मनातल्या मनात रोल कापायलाही घेतला.

सोमवारी व्हॅन आली. मावशीनं अडवायच्या आधीच थांबली. चालक अर्लनं काच खाली केली.

"बर्नी, टेडी कुठाय? आजपासून त्याला न्यायला सांगितलंय."

पहिल्या बैठकीआधीच शाळेतल्या कुणीतरी व्हॅनवाल्यांना आगाऊ निरोप दिला होता. तो रद्द करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

मावशी व्हॅनसमोर उभी राहिली. पाटी वर. टेडी तिच्या कोटाला घट्ट धरून. मागं चर्चपर्यंत गाड्या तुंबल्या, भोंगे सुरू झाले.

शाळेतून ट्रेक्सलर बाई धावत आल्या, भर बर्फात, कोटाशिवाय.

"अर्ल, हा पोरगा कुठंही जाणार नाही! निघ तू!"

मधाचा थेंब नाही. आमच्या खाणकामगारांच्या गल्लीतला अस्सल खरखरीत आवाज. इतके दिवस कुठं दडवला होता कोण जाणे. तिथंच उभं राहून, दात वाजवत, त्यांनी व्हॅनवाल्यांच्या कचेरीत फोन लावला आणि टेडीचं नाव काढायला लावलं.

मावशीनं पाटी खाली घेतली. "असं बोलत जा, मॅडम. समजतं."

टेडी पायऱ्या चढून आत गेला. दार बंद होईपर्यंत मावशी बघत राहिली. मग माझ्याकडं वळली आणि ओठांवर बोट ठेवलं.

हरले मी. ईस्टरपर्यंत तोंडानं नक्कल बंद. हातानं लिहून करण्याबद्दल मात्र पैजेत काही ठरलं नव्हतं.