दादाची किमान रक्कम

माझा थोरला भाऊ लोकांचे दात बनवतो. डॉक्टर नाही तो. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते माप आमच्या मागच्या खोलीत येतं आणि दादा त्यावर कवळी घडवतो. वरच्या आणि खालच्या दातांत कागदाची पट्टी धरून बघतो, कुठे अडतं, कुठे सैल पडतं. केसाएवढा फरक निघाला तरी पुन्हा घासायला बसतो. वहिनी म्हणते, मला बघायला आले तेव्हा यांनी आधी माझे दात बघितले, मग मला.

अशा माणसाने चार वर्षं एक कागद नीट वाचला नाही, याचा मला अजून राग येतो. आणि तो कागद तसा छापणाऱ्यांचा तर त्याच्या दसपट.

झालं काय, दात भाजायची भट्टी बंद पडली. नवीला पैसे नव्हते. बँकेतल्या माणसाने गोड बोलून क्रेडिट कार्ड हातात ठेवलं आणि दादाने भट्टी कार्डावर घेतली. दर महिन्याला पत्र यायचं. वर ठळक अक्षरांत ‘किमान देय रक्कम’ आणि तारीख. दादाला वाटलं, हाच हप्ता. तारखेच्या दोन दिवस आधी भरायचा, पावत्या ओळीने लावायचा, आणि वर मला ऐकवायचा की शीक जरा. चार वर्षं झाल्यावर त्याने बँकेत फोन करून विचारलं, शेवटचा हप्ता कधी? पलीकडची बाई हसली म्हणे. भट्टीच्या किमतीहून जास्त पैसे भरून झाले होते, आणि देणं जवळजवळ होतं तिथेच होतं. भरलेलं बहुतेक व्याजात गेलं होतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

त्यातच त्याला काम देणारा एक दवाखाना बंद झाला. आता एका डॉक्टरीणबाईंचं काम तेवढं उरलं. तीन महिने रक्कम थकली आणि बँकेच्या वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. सकाळी सातला दादाला, मग वहिनीला, मग मला. मी बसस्टँडवर तिकीट खिडकीत बसते. समोर ही रांग, आणि कानात कोणीतरी विचारतंय, भाऊ पळाला का तुमचा? दादाने पाकिटं उघडणंच सोडलं. आली की प्लास्टरच्या रिकाम्या पोत्यात टाकायचा.

मग वसुलीवाला थेट डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जाऊन बसला. नव्या कवळीसाठी आलेल्या एका आजींना सगळ्यांदेखत म्हणाला, आगाऊ पैसे देऊ नका, बनवणारा बुडवा आहे. डॉक्टरीणबाईंनी दादाला बोलावलं. आवाज चढवला नाही, पण महिनाअखेरीपर्यंत हे थांबलं नाही तर काम दुसरीकडे द्यावं लागेल, असं स्पष्ट सांगितलं.

आता मला सांगा, काम गेलं तर हा माणूस फेडणार कशातून? दात कोरून पोट भरतं का कोणाचं? आणि दादा म्हणतो, आपण घेतलंय, आपण ऐकून घ्यायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर कुठल्या तरी खांबावरची जाहिरात वाचून आला. कर्ज निम्मं करून देतो, फी आधी. त्या फीसाठी वहिनीचं कानातलं विकायला निघाला होता. मी दारात आडवी उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी कामावर माझं लक्ष नव्हतं. शेजारच्या खिडकीतल्या मैत्रिणीने खोदून विचारलं, मी सगळं ओकले, तेव्हा ती खाली बघत म्हणाली, आम्हीही यातून गेलोय. आठ वर्षं आम्ही एकत्र जेवतोय, आणि मला पत्ता नाही! लाज वाटायची म्हणे. लाज हिला, आणि वसुलीवाले उजळ माथ्याने फिरतायत.

तिने सांगितलेलं कर्ज सल्ला केंद्र ग्रंथालयाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. फी नाही. मी दादाला पोत्यासकट नेलं. तिथल्या सल्लागार बाईंनी एकेक पाकीट फोडून तारखेप्रमाणे लावलं आणि पहिला प्रश्न विचारला तो घरखर्चाचा. जेवण, भाडं, औषधं, सगळं आधी बाजूला काढलं.

“बँकेला द्यायचं ते यातून उरेल त्यातलं,” त्या म्हणाल्या. “उपाशी माणूस हप्ते भरत नाही.”

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी तोटेही लपवले नाहीत. कार्ड बंद होईल, काही वर्षं कर्ज मिळणं अवघड जाईल, बँकेशी ठरेल तो नवा हप्ता चुकला तर सगळं मोडेल. दादाने सगळ्याला मान डोलावली, आणि बाईंनी बँकेशी बोलणी सुरू केली. तीन आठवड्यांनी बँकेने लेखी कळवलं: दंड माफ, पुढचं व्याज बंद, तीन वर्षं एकच हप्ता, तोही केंद्रामार्फत. आणि वसुलीचं सगळं बोलणं केंद्राशीच.

महिना संपायला दोन दिवस होते. दादा दवाखान्यात कवळी द्यायला निघाला. माझी सुट्टी होती, आणि त्याच्या जिभेवर माझा भरवसा नाही, म्हणून मीही गेले. वसुलीवाला तिथेच बसलेला. दादाने बँकेचं पत्र पुढे केलं.

“यापुढे माझ्याशी नाही. यांच्याशी बोला.”

मला वाटलं, वसुलीवाला आता पत्र भिरकावतो. मी बाह्या सरसावूनच उभी होते. त्याने शांतपणे वाचलं, बॅगेतून कागदांचा एक गठ्ठा काढला आणि वरचा कागद दादासमोर धरला. सल्ला योजनेत गेलेल्या ग्राहकासाठी छापलेला अर्ज. “साहेब, इथे सही करा. आमचे फोन बंद होतील.”

दादाने विचारलं, “हा कागद तुमच्याकडे कधीपासून आहे?”

“पहिल्यापासून. आम्हाला देऊनच ठेवतात.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

दादाने सही केली. डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी पुढच्या तीन कवळ्यांची मापं दादाच्या हातात दिली.

वसुलीवाला गठ्ठा बॅगेत कोंबून बाहेर पडला. पायऱ्या उतरता उतरताच त्याने फोन लावला आणि कोणाला तरी दरडावू लागला, की उद्या तुमच्या ऑफिसात येऊन बसतो, मग बघा. ते ऐकलं आणि मला राहवेना. मी त्याच्या मागे धावले आणि त्याच्या कानाजवळच्या फोनकडे तोंड करून ओरडले, “ग्रंथालयाच्या वर, दुसरा मजला! पैसे लागत नाहीत!”

त्याने झटक्यात फोन कापला. पण तोवर मी दोनदा ओरडले होते.