दुसऱ्या पानावरची कोरी चौकट

"मेधाताई, फक्त तुमचं अप्रूव्हल राहिलंय. पाचला लाइव्ह जायचंय," असं म्हणून केदार माझ्या टेबलापाशी थांबलासुद्धा नाही. बॉसच्या केबिनमध्ये केक कापायचा होता. नवा क्लायंट केदारच्या एका ओळीवर मिळाला होता, त्याचा केक.

मला केदारचा हेवा वाटत होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्या जाहिरात एजन्सीत मला चौदा वर्षं झाली होती, त्याला तीन. आमचे बॉस नबील लेबनॉनचे. ते त्याला ‘हबीबी केदार’ म्हणायचे आणि मला ‘मॅडम’. तळ्याकडच्या खिडकीजवळचं टेबल मी दोनदा मागितलं होतं. ते त्याला न मागता मिळालं. पुण्याचा, हसरा, कामात तेज. राग धरायला एक धड कारण देईल तर शपथ.

माझं काम कंप्लायन्सचं, म्हणजे जाहिरात नियमात बसते का ते बघण्याचं. हा क्लायंट म्हणजे एक परदेशी स्पोर्ट्स बेटिंग कंपनी होती, तिकडचा रीतसर परवाना असलेली. अशा जाहिरातीत एकेक शब्द तपासावा लागतो. ‘फ्री बेट’ म्हटलं की लोकांना वाटतं, कंपनीने पैसे दिले. तसं नसतं. त्या पैशांनी फक्त बेट लावता येते, ते खिशात घालता येत नाहीत. बोनसलाही अट असते. शंभराचा बोनस आणि दहापट अट असेल, तर हजाराच्या बेट्स लावून होईपर्यंत त्यातलं काही काढता येत नाही. तोवर बहुतेकांचे स्वतःचेही पैसे गेलेले असतात. म्हणून अट ऑफरच्या शेजारीच लिहायची, पायाशी लपवायची नाही. ‘रिस्क-फ्री’ म्हणायचं नाही. आणि अठरा वर्षांखालच्यांना आवडेल असं चित्र वापरायचं नाही.

आमच्याकडे मेकर-चेकर पद्धत होती. जाहिरात बनवतो तो मेकर, तपासतो तो चेकर. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय काही बाहेर जात नाही. चेकरच्या फॉर्मला दोन पानं. पहिलं मजकुराचं. दुसऱ्यावर एकच चौकट: एक्सक्लूजन लिस्ट, म्हणजे जाहिरात ज्या देशांत दिसता कामा नये त्यांची यादी. तिच्यात यूएई कायम असायची. आमच्या क्लायंटला इथला परवाना नव्हता, आणि त्याशिवाय इथे बेटिंगची जाहिरात दाखवणं बेकायदा.

मी मजकूर वाचायला घेतला. सुंदर होता, आणि त्यानेच माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी अकरा कॉमेंट्स काढल्या. इथे स्वल्पविराम हवा. हा पिवळा फार भडक. ‘जबाबदारीने खेळा’ ही ओळ दोन पॉइंटने मोठी करा. एरवी मी यातल्या चार काढल्या असत्या.

मग दुसरं पान उघडलं. यादीत यूएई नव्हतं.

कारण लगेच लक्षात आलं. आम्ही बसतो दुबईत आणि जाहिराती करतो बाहेरच्या देशांसाठी. आपल्याच फोनवर ती कशी दिसते हे बघायचं, तर यादीतून यूएई थोडा वेळ काढावं लागतं. सकाळी केदारने काढलं असणार, आणि परत घालायचं राहिलं. केकची घाई.

त्याला हाक मारायला तीस सेकंद पुरली असती. केबिनमधून टाळ्या ऐकू आल्या. नबील मोठ्याने म्हणाले, "यल्ला, माय स्टार, कट इट!"

मी हाक मारली नाही. चौकटीत टिक केली असती तर खोटी सही झाली असती, म्हणून टिकही केली नाही. ती कोरी ठेवली. कोरी ठेवली तरी सिस्टिम पुढे जाते हे मला ठाऊक होतं, कारण तो फॉर्म मीच बनवला होता. ‘अप्रूव्ह्ड विथ कॉमेंट्स’ दाबलं. मनात स्वतःलाच सांगितलं, यादी भरणं मेकरचं काम. पडू दे एकदा तोंडावर. पण इथे नोकरी गेली की पाठोपाठ व्हिसा जातो, आणि त्याची बायको महिन्यापूर्वीच पुण्याहून आली आहे, हेही मला माहीत होतं.

तीन वाजता तो प्लेटमध्ये केक घेऊन आला. "ताई, अकराही करेक्शन्स केली. पिवळा खरंच भडक होता हं. तुम्ही बघितलं की मी निर्धास्त असतो."

"ठेव तिथे," मी म्हटलं. चांगुलपणासुद्धा माझ्यासमोरच दाखवायला हवा का, असं वाटून आणखीच जळफळाट झाला. केक मी खाल्ला. चॉकलेटचा होता.

सव्वापाचला पर्स घेऊन निघाले. रिसेप्शनपाशी इक्बालभाई बसले होते. मूळ दापोलीकडचे, वयाने माझ्याहून मोठे. ऑफिसातल्या सगळ्यांच्या व्हिसा-पासपोर्टची कामं तेच करतात. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"मॅडम, ही आपल्या केदारची ॲड ना? आत्ता आली. पहिली बेट फ्री म्हणतायत. नाव टाकलं, आता आयडी मागतायत. टाकू?"

"इक्बालभाई, काही टाकू नका. बंद करा ते."

"का? तुम्ही तपासता ना सगळं? मी म्हटलं, मॅडमनी पास केलंय म्हणजे फसवणूक नसणार. हे बघा, खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय पण, जबाबदारीने खेळा."

माझ्या दोन पॉइंटचं काम चोख झालं होतं.

"ते फ्री नाहीये. आणि इथे ते चालतही नाही. आधी बंद करा," मी म्हटलं, आणि त्यांनी स्क्रीन बंद केलेली बघूनच आत पळाले. केदारला ओरडून सांगितलं, "पॉज कर! यूएई राहिलंय!" त्याचा चेहरा पांढरा पडला, पण हात थांबले नाहीत. पाच वाजून बावीस मिनिटांनी जाहिरात बंद झाली. बावीस मिनिटं ती इथे दिसत होती. किती इक्बालभाईंना दिसली, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी नबीलनी आम्हा दोघांना बोलावलं. मी काही बोलण्याआधी केदार म्हणाला, "सर, माय मिस्टेक. टेस्टिंगसाठी यूएई काढलं आणि विसरलो. मेधाताईंनी पकडलं, नाहीतर वीकेंडभर चाललं असतं."

"मॅडम, थँक गॉड फॉर यू," नबील म्हणाले.

चौदा वर्षांत पहिल्यांदा या माणसाने माझ्याकडे बघून असं काही म्हटलं. ते घेऊन घरी जाता आलं असतं. एक क्षण मी ते घेतलंही. पण इक्बालभाईंचं ‘मॅडमनी पास केलंय’ डोक्यातून जाईना.

"सर, मला दुपारीच दिसलं होतं," मी म्हटलं. "बारा वाजता. मी चौकट कोरी ठेवली आणि अप्रूव्ह केलं."

"व्हाय?"

"कारण जाहिरात केदारची होती."

केदार माझ्याकडे बघत होता. रागाने बघता तर बरं झालं असतं. त्याला समजतच नव्हतं. शेवटी नबील हलक्या आवाजात म्हणाले, "खलास. गो बॅक टू वर्क."

क्लायंटला सगळं जसं घडलं तसं लेखी कळवलं. त्यांनी काम काढून घेतलं नाही, पण एक खरमरीत पत्र पाठवलं. मला लेखी वॉर्निंग मिळाली, केदारलाही एक, माझ्याहून सौम्य. चौकट कोरी असेल तर फॉर्म आता पुढे सरकत नाही. ती दुरुस्ती मीच केली. इक्बालभाईंना शेजारी बसवून फ्री बेटचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे फ्री काहीच नाही की." ही एक ओळ आमच्या ट्रेनिंगमध्ये घालायला हवी. दोन महिन्यांनी केदार टीम लीड झाला. मला अजूनही हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

या धंद्यात मी एवढंच शिकले: चेकरने चूक शोधायची असते, तिची वाट बघायची नसते.

केदार अजूनही मला ताईच म्हणतो. केक असला की प्लेट आणून देतो. फक्त पूर्वी तो फाइल पाठवून निर्धास्त निघून जायचा. आता मी दुसरं पान उघडून टिक करेपर्यंत टेबलापाशी उभा राहतो.