टिफनीज केक्सला आत घेऊ नका

दारावर बसवायला कार्यालयाला माणूस हवा होता, आणि त्यांनी नेमकी गावातलीच पोरगी बसवली. चूक त्यांची, भोगायची मात्र प्रिस्काने.

माणिकपूरच्या एका सरकारी कार्यालयात ती कंत्राटी ऑपरेटर. ऑनलाइन सुनावणी असली की कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर ठेवायचं, हे तिच्या माऊसवर. कंत्राट दरवर्षी सुनावणी घेणाऱ्या अधिकारी वसुंधरा मॅडमच्या सहीने पुढे सरकायचं, म्हणून तोंड मिटून राहायची सवय तिने स्वतःला लावून घेतली होती. मागच्या सुनावणीत कुणी भलताच घुसला आणि सगळ्यांसमोर घाणेरडा व्हिडिओ लावून पसार झाला. मॅडमना वरून नोटीस आली. बाई इतक्या धसकल्या की त्यांनी नियमच काढला: पडद्यावर पूर्ण नाव-आडनाव नसेल त्याला आत घ्यायचं नाही, आणि सुनावणी संपेपर्यंत कर्मचाऱ्यांचे मोबाइल मॅडमच्या ड्रॉवरमध्ये.

नियमात वाईट काही नव्हतं. पण वसईतल्या तिच्या वाडीची माणसं कधी एकेकटी जातात का कुठे? लग्नाची बोलणी असोत की विजेच्या बिलाची तक्रार, सगळ्यांनी मिळून जायचं आणि एकाने बोलायचं. आजची सुनावणी गावच्या बावखलाची होती. ते जुनं गोड्या पाण्याचं तळं, ज्याच्या जिवावर आजूबाजूच्या विहिरी आणि केळी तगून आहेत, ते बुजवून तिथे वाहनतळ करायचा होता. आज हरकत नोंदली गेली नाही तर लगेच भराव पडणार होता. प्रिस्काचे वडील ऑस्कर आठवडाभर आरशासमोर उभं राहून भाषण घोकत होते.

सुनावणी सुरू झाली आणि बाहेर थांबलेल्यांत एकच नाव उमटलं: टिफनीज केक्स.

प्रिस्काने लगेच ओळखलं. टिफनी घरी केक करून विकते आणि वाडीत धड चालणारा फोन तिचाच. म्हणजे अख्खी वाडी चौकातल्या क्रुसापाशी त्या एका फोनभोवती बसली होती, पपांसकट. नाव बदलायचं कुणाच्या डोक्यात येणार?

"मॅडम, ही आमच्या गावातली माणसं आहेत. मी ओळखते."

"मागच्या वेळचा तोही असंच साधंसं नाव लावून आला होता. केकवालीचं काय काम इथे?"

"एक फोन करू द्या, नाव बदलून घेते."

"एकासाठी नियम वाकवला की संपलं, प्रिस्का. माझी नोकरी आहे. तुझीही आहे."

तिचा पडदा समोरच्या भिंतीवर मोठा दिसत होता, त्यामुळे गुपचूप काही लिहायचीही सोय नव्हती. आत कोण होतं? वाहनतळाचा ठेकेदार, नाव-आडनावासकट, टाय लावून. त्याच्याबद्दल कुणाला शंका नव्हती. प्रिस्काला रडू यायला लागलं, आणि रडता येत नाही याचा रागही.

"कुणाची हरकत आहे का?" मॅडमनी विचारलं. ठेकेदाराने घड्याळ पाहिलं. "शेवटचं विचारते. हरकत आहे का कुणाची?"

बाहेर ते नाव तसंच थांबलेलं. "कृपया थांबा, आपल्याला आत घेतलं जाईल," असं लिहिलेलं त्यांच्या फोनवर दिसत असणार, आणि कुणी थांबा म्हटलं की पपा थांबतात.

प्रिस्काने क्लिक केलं.

क्षणात खोलीभर आवाज घुसला. पन्नास-साठ माणसांचा, एका लयीत, मधूनच कोंबड्याचाही. क्रुसापाशी चार माणसं रिकामी बसली की कुणीतरी रोझरीची प्रार्थना सुरू करतंच. थांबायला सांगितल्यावर यांनीही तेच केलं होतं. डोळे मिटून सगळे प्रार्थनेत बुडालेले, आपण आत आलोय याचा कुणाला पत्ता नाही.

"परत तेच!" मॅडमची पाचावर धारण बसली. "काढ त्यांना! प्रिस्का, आधी बाहेर काढ!"

त्या गलक्यातही एक जाड, जरासा बेसूर आवाज प्रिस्काला ओळखू आला. लहानपणापासून त्याच आवाजामागे तिने रोझरीची उत्तरं म्हटली होती. माऊसवर ठेवलेला हात तिने उचलला आणि माइक जवळ ओढला.

"पपा, प्रार्थना थांबवा," ती म्हणाली. "तुम्ही आत आलात. आधी पूर्ण नाव सांगा, मग बोला."