मॅडमनी न पाहिलेली बास्केट

घोरपडे मॅडम साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या. मल्लेश्वरममधल्या आमच्या कॉलेजात मुलं त्यावरून हसायची आणि मॅडमना ते ठाऊक होतं. "हसूदेत की," त्या म्हणायच्या, "पाय माझे हाइत." पदर कमरेला खोचलेला, गळ्यात शिट्टी आणि डोळे सतत कोर्टावर फिरते. त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नुकतीच पुण्याहून आलेली, कन्नडचे चार शब्द कसेबसे जुळवणारी मुलगी होते. त्यांनी कन्नडमधून माझं नाव विचारलं. मेधा जोशी, असं सांगताच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मराठी काय? मग दोघी मिळून कशाला घाम गाळालोय? उंच हाइस बघ. उद्या सकाळी कोर्टावर ये."

त्या निपाणीच्या. तरुणपणी राज्याच्या बास्केटबॉल संघातून खेळलेल्या, पुढे आमच्या कॉलेजात क्रीडाशिक्षिका झाल्या आणि बंगळूरच्याच होऊन गेल्या. सुट्टीच्या दिवशी त्या इतर कॉलेजांच्या सामन्यांना पंच म्हणून जायच्या. पुरुषांच्या सामन्यांत शिट्टी फुंकणारी बाई त्या काळी विरळाच. प्रेक्षकांतून काय काय ओरडलं जायचं ते आम्ही ऐकलेलं आहे. पण त्यांनी दिलेल्या निर्णयावर खेळाडू सहसा वाद घालत नसत. घोरपडे मॅडमनी पाहिलं म्हणजे तसंच झालं असणार, असा त्यांच्या नजरेचा लौकिक होता. सामना संपला की कोणाचा पाय कुठे घसरला, कोणी पास द्यायला उशीर केला, हे त्या ओळीने सांगायच्या. आमच्या बाबतीत ती यादी फार लांबायची.

कारण आमचा संघ हरायचा. उभ्या शहरात आमच्याइतकं नियमित हरणारं कोणी नसावं. आमच्या कोर्टाच्या एका कडेला भेग होती आणि रिंगला जाळी नव्हती. समोरचे संघ एकसारख्या गणवेशात यायचे, आमच्यातल्या दोघी बूटही वाटून वापरायच्या. हरलो की आम्ही पंचांवर घसरायचो. एकदा परतीच्या बसमध्ये आम्ही असंच पंचांचे वाभाडे काढत होतो. मॅडम पुढच्या सीटवर होत्या. त्यांनी मागे वळून शांतपणे विचारलं, "तुमचे फ्री थ्रो पण पंचांनीच चुकवले काय?" उतरताना त्या मला म्हणाल्या, "बघितलंस ते बोल. वाटलं ते पोटात ठेव."

संघात खऱ्या अर्थाने खेळणारी एकच होती, पुष्पा. ती यशवंतपूरची. तिचे वडील तिथल्या बाजारात पोती उचलायचे. पुष्पा बुटकी होती, पण चेंडू हातात आला की तिच्या आसपासच्या उंच मुली उगीचच उभ्या असल्यासारख्या दिसायच्या. मॅडम तिच्याशी कन्नडमध्ये बोलायच्या आणि सरावानंतर तिला डबा खायला लावायच्या. पुष्पाच्या घरी तिच्या लग्नाचं घाटत होतं. खेळावर नोकरी लागली तरच ते टळणार होतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्याला एका बँकेच्या संघाची निवड करणारे लोक यायचे. त्यांनी पुष्पाला एकदा खेळताना पाहावं, एवढीच मॅडमची इच्छा होती. आणखी एक काळजी होती. प्राचार्यांना कोर्टाच्या जागी संगणकाचे वर्ग बांधायचे होते. त्या वर्षांत प्रत्येक कॉलेजला तेच हवं होतं. "यंदाही काही जिंकला नाहीत तर मी तरी काय सांगू?" असं त्यांनी मॅडमना ऐकवलं होतं.

त्या वर्षी आम्ही कसे कोण जाणे उपांत्य फेरीत पोचलो. एक संघ आलाच नाही, एकाची मुख्य खेळाडू आजारी होती, आणि एक सामना मात्र पुष्पाने एकटीने ओढून काढला.

उपांत्य सामना दुसऱ्या एका कॉलेजच्या मैदानावर होता. शेवटच्या क्षणी आम्ही एका गुणाने मागे होतो. वेळ संपल्याची खूण म्हणून टेबलापाशी पितळी घंटा वाजवायचे. चेंडू पुष्पाकडे आला, तिच्यावर दोघी धावून गेल्या, तिने अंग मागे टाकून चेंडू फेकला आणि घंटा वाजली. चेंडू रिंगमधून खाली आला. आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो. तेवढ्यात मुख्य पंचांनी दोन्ही हात आडवे हलवले. बास्केट धरली जाणार नव्हती. घंटा वाजली तेव्हा चेंडू अजून हातातच होता, असं त्यांचं म्हणणं.

गोंधळ माजला. दुसरे पंच म्हणाले, चेंडू आधी सुटला होता. घंटा वाजवणारा माणूस म्हणाला, मी घड्याळाकडे बघत होतो. पुष्पा छातीवर हात ठेवून पुन्हा पुन्हा सांगत होती, चेंडू आधी सुटला. दोन्हीकडची मुलं कोर्टात उतरली. शेवटी स्पर्धेचे प्रमुख उठले. ते वयस्कर गृहस्थ मॅडमना वर्षानुवर्षं ओळखत होते. त्यांनी समोरच्या संघाच्या प्रशिक्षकाला बाजूला घेतलं, काहीतरी बोलले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घोरपडे मॅडम, तुम्ही त्याच बाजूला उभ्या होतात. तुमचा शब्द आम्हा दोघांनाही मान्य आहे. चेंडू घंटेआधी सुटला का?"

आम्हाला वाटलं, जिंकलो. मी मॅडमच्या शेजारीच उभी होते. त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

"मी बघितलं नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्ही तिथेच होतात, मॅडम."

"होते. पण त्या वेळी मी डोळे मिटले होते."

कोणीतरी हसलं. प्रमुखांनी पुन्हा विचारलं, मॅडमनी पुन्हा तेच उत्तर दिलं. मुख्य पंचांचा निर्णय कायम राहिला. पुष्पा चेंडूवर बसून रडत होती. मॅडम तिच्याजवळ गेल्या तेव्हा ती उठून निघून गेली.

बसमध्ये मीच विचारलं, "मॅडम, डोळे का मिटलेत?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "भीती वाटली गं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं बघालोय, कधी वाटली नाही."

"मग हो म्हणायचं होतं. कोणाला कळलं असतं?"

त्यांच्या हातात पुष्पाची पाण्याची बाटली होती. ती त्यांनी उतरेपर्यंत तशीच धरून ठेवली.

पुढच्या महिन्यात कोर्टावर विटा येऊन पडल्या. मुलींचा संघ बंद झाल्याचं प्राचार्यांनी सांगितलं. मॅडमना परीक्षांच्या देखरेखीचं आणि हजेरीचं काम दिलं गेलं. कॉलेजात आमच्यातल्या बऱ्याचजणी त्यांना पाहून वाट बदलायच्या. पुष्पाने तर बोलणंच सोडलं होतं. तरी मॅडम तिच्या घरी गेल्या. बापाने दारातच विचारलं, "आता कशाला आलात?" मॅडम तिथेच पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पोरीला एक वर्ष द्या. मी नेते तिला." मग त्या पुष्पाला घेऊन बसने शहरभर हिंडल्या. बँका, कारखाने, जिथे जिथे बाईमाणसांचा संघ होता तिथे निवड चाचणीला नेलं. पुष्पा त्यांच्याशी एक शब्द न बोलता शेजारी बसायची, उतरायची, खेळायची. कुठे उंची आड आली, कुठे जागा आधीच भरलेली होती, कुठे मोठ्या स्पर्धेत खेळल्याचं काही दाखवा म्हणाले. वर्ष संपलं. पुष्पा कपड्यांच्या कारखान्यात शिलाईच्या कामाला लागली. पगार घरात येऊ लागल्यावर लग्नाचं बोलणं मागे पडलं, एवढंच त्यातलं बरं.

मॅडमनी पंचाचं काम त्या सामन्यानंतर सोडलं होतं. बोलावणी यायची. त्या म्हणायच्या, "ज्या डोळ्यांचा मलाच भरवसा नाही, ते दुसऱ्यांनी का मानावेत?" मी त्यांच्याशी यावरून भांडले. एकदा डोळे मिटले म्हणून आयुष्यभराची नजर खोटी ठरते का, असं विचारलं. "तू स्वल्प थांब," त्या म्हणाल्या, "माझ्या वयाची हो, मग बोलू."

मी नोकरीला लागले त्या सुमारास त्यांच्या भावाला अर्धांगवायू झाला. मॅडमनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि निपाणीला जायचं ठरवलं. यशवंतपूर स्टेशनवर संध्याकाळी मी त्यांना पोचवायला गेले. सामान फार नव्हतं. गाडी फलाटाला लागली होती आणि मॅडम खिडकीशी बसल्या होत्या, तेव्हा जिन्यावरून पुष्पा येताना दिसली. कारखान्यातून थेट आली होती, केसांत दोऱ्याचे तुकडे होते. मीच तिला निरोप पाठवला होता, पण ती येईल असं मला वाटलं नव्हतं.

ती खिडकीचे गज धरून उभी राहिली. मग मॅडमनी कन्नडमध्ये विचारलं, "पुष्पा, आता तरी सांग. चेंडू आधी सुटला होता?"

पुष्पाने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मला माहीत नाही, मॅडम. मी रिंगकडे बघत होते. घंटा मला ऐकूच आली नाही."

"मग तेव्हा एवढं छातीवर हात ठेवून सांगितलंस ते?"

"मला जिंकायचं होतं."

मॅडमनी गजांतून हात बाहेर काढला आणि तिच्या केसांतला एक दोरा काढून टाकला.

"बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. "तू खेळत होतीस."

गाडी हलली. पुष्पा थोडं अंतर खिडकीबरोबर चालली, मग तिने गज सोडले. गाडी दिसेनाशी झाली तरी ती फलाटाच्या टोकाला उभीच होती. शेवटी मी तिचा दंड धरला आणि आम्ही दोघी जिन्याकडे वळलो.