विहिरीतला गाळ

ईरप्पा सोलापूरच्या अडत बाजारात पोती वाहून म्हातारा झाला. पाठीवर घेतलेलं पोतं त्यानं वाटेत कधी टेकवलं नाही.

शहात्तर साली त्याच्या मुलाला, शरणप्पाला, खुनाबद्दल जन्मठेप झाली. शहराबाहेरच्या विहिरीत सिद्धलिंगप्पाचं प्रेत सापडलं होतं. दोन दिवस आधी दोघांचं भांडण झालेलं. भांडणाच्याच दुपारी शरणप्पा त्या विहिरीत पुन्हा पुन्हा बुड्या मारताना गवत कापणाऱ्या बायकांनी पाहिला. प्रेत तळाशी दाबत होता, असं सरकारी वकील म्हणाले. पोहत होतो, असं शरणप्पा म्हणाला. कोर्टाला ते पटलं नाही.

पोहताना दोरा तुटून त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग पाण्यात पडलं होतं. तो ते शोधत होता; लिंगायताचं लिंग अंगावेगळं होणं म्हणजे मोठा दोष. बापाला त्यानं हे सांगितलं, तेव्हा ईरप्पाची लेक गौरम्मा नुकतीच सासरी गेलेली, आणि सासरा शिवलिंगप्पा मोठा कर्मठ. "कुटं बोलू नको," असं ईरप्पानंच बजावलं. पोरगा कोर्टातही बोलला नाही.

अपिलाच्या वेळी ईरप्पानं हे महिपती वकिलांना सांगितलं.

"आता सांगतोस? हायकोर्ट खालच्या कोर्टाचे कागद बघतं. त्यात हे कुठंच नाही."

"मग घाला की, साहेब."

"नवा पुरावा क्वचित घेतात. आणि लिंग आणलंस, तर म्हणतील बापानंच टाकलं, बापानंच काढलं."

"चार माणसांदेखत काढलं तर?"

"कोर्टाकडं परवानगी मागून बघू. पण त्या चौघांना आधी सगळं सांगावं लागेल."

सोमवारी मठात माणसं जमली होती. ईरप्पा दारातच उभा राहिला.

"माझ्या पोराचं लिंग हिरीत पडलंय. मीच लपीव म्हणालो. उद्या गाळ काढतो. बघायला या."

शिवलिंगप्पा उठला. "पोराचा मेव्हणा खुनी निघाला, ते पोटात घातलं आमी. हे न्हाय चालायचं. लेक घिऊन जा."

"नेतो," ईरप्पा म्हणाला.

सकाळी मठाचे स्वामी आले, बाजारातले तीन हमाल आले. उन्हाळ्यानं पाणी गुडघ्याएवढं उरलं होतं. ईरप्पा उतरणार, तोच गौरम्मा सासरहून बोचकं घेऊन पोचली.

"अप्पा, दोर माझ्याकडं द्या."

"तुला न्हाय झेपायचं. गाळ लई जड असतो."

"तुमी अर्धंच टोपलं भरा की."

तो खाली गेला. त्यानं अर्धं टोपलं भरून दोर हलवला. गौरम्मानं वाटेत कुठं न थांबता ते वर ओढलं. वर चौघं गाळ बोटांनी चिवडत राहिले.

"गवसलं का गं?"

"न्हाय, अप्पा."

ईरप्पानं रिकामं टोपलं ओढून घेतलं आणि या खेपेला काठोकाठ भरलं.