लिंबाचा कोड

उस्मानपुऱ्यातल्या त्या इलेक्ट्रिशियनचं नाव मी विचारलं नाही. पिशोरला पुतण्याचा साखरपुडा होता, अंगठी बायकोच्या पर्समध्ये होती आणि इंजिनचा पिवळा दिवा लागून गाडी झटके देत होती.

त्याने गाडीला स्कॅनर लावला, पडद्यावरचा बिघाडाचा कोड वाचला आणि स्कॅनर बाजूला ठेवला. "ह्यो नुस्ती चुगली करतो. भांडण कुठं लागलं ते आपल्यालाच बघावं लागतं."

मग वायरी जोडणारे कपलर एकेक सोडवून, खरबूज निवडावं तसे, तो डोळे मिटून हुंगू लागला. एकापाशी थांबला.

"भाऊ, लिंबू कुणी बांधलं?"

मी बायकोकडे पाहिलं. दृष्ट लागू नये म्हणून तिने बॉनेटखालच्या आतल्या कोपऱ्यात लिंबू-मिरची बांधली होती. बाहेर धूळ बसते, असं तिचं म्हणणं. रस झिरपून कपलरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या.

त्याने पिना घासल्या, कोड पुसला, दिवा विझला. लिंबू तो फेकून देईल असं मला वाटलं. त्याने ते मागच्या बंपरला बांधलं.

"साखरपुड्याला बिगर लिंबाचं जाता व्हय?"

मग त्याने स्कॅनर उलटा केला. मागे छोटं लिंबू लटकत होतं.

"पुढं बांधलं व्हतं, तवा रोज नवी चुगली करायचा."