कुलूपवालीचं वायफाय

माझी सून कुलूपवाली. बापाकडून धंदा शिकली. कुणाच्या दाराचं कुलूप बदललं की जुनी किल्ली गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पकडीत धरून मोडायची, मगच पुढचं बोलायची. जबर बाई! अन् अशा बाईच्या वाट्याला आला माझा पोरगा. मेल्याने पान्याने तिचा जबडा फोडला, तेव्हा तिने त्याला घराबाहेर काढलं आणि मी त्याच्यासोबत गेले नाही. लोकांनी तोंडात बोटं घातली. घालू देत.

त्याच दिवशी तिने दाराची सगळी कुलपं बदलली. तरी त्याला सगळं कळायचं. ती कधी निघाली, सोबत कुणी आहे का, सगळं. एकदा जिन्यात गाठून तिचं डोकं कठड्यावर आपटलं. पुढच्या खेपेला एका गिऱ्हाइकाच्या दुकानामागे लाथा घातल्या, बरगडी मोडली. पोलीस यायच्या आत पसार!

बरगडीला पट्टा बांधून ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी राहिली. "तुम्हीच कळवता ना त्याला, आई?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जीभ झडो तुझी! त्याची बाजू घ्यायची असती तर इथे तुझी भांडी घासत बसले असते का?"

तेव्हापासून ती कुठे चालली ते मला सांगेनाशी झाली. ते मला फार लागलं.

मग एका दुपारी ती बाहेरच्या खोलीत बूट चढवत होती. भिंतीवरचा कॅमेरा हळूच तिच्याकडे वळला. तो पोरानेच बसवलेला, म्हणे आईकडे लक्ष राहावं. ती दाराकडे सरकली, कॅमेराही सरकला. तो फिरायचा फोनवरून, आणि आमचे दोघींचे फोन तर टेबलावर पडलेले.

"अगं बाई! हा कोण फिरवतंय?" मी म्हणाले.

तिने खिडकीतून खाली पाहिलं. भिंतीलगत त्याची गाडी उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आपलंच वायफाय पकडून बघतोय, आई. पासवर्ड त्यानेच ठेवलेला. मी बदललाच नाही."

साऱ्या गावाच्या जुन्या किल्ल्या मोडल्या आणि स्वतःच्या घरातली एक तशीच ठेवली. हाताला लागणारी नव्हती ना, म्हणून लक्षातच आली नाही.

कुलूप उघडायची सगळ्यात बारीक तार तिने राउटरच्या मागच्या भोकात खुपसली आणि दिवे विझेपर्यंत दाबून धरली; आतलं जुनं सगळं पुसलं गेलं. मग वायफायला नवा, लांबलचक पासवर्ड टाकला. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड असतो, तोही बदलला. कॅमेरा काढून हातोड्याने चेंदामेंदा केला.

"काय ठेवलास नवा?" मी सहज विचारलं.

"तुम्हाला नको, आई."

मी खाली बसून कॅमेऱ्याचे तुकडे गोळा करायला लागले.

खाली त्याचं चित्र बंद पडलं तसा तो वर आला. दारावर लाथांवर लाथा! कुलपं हलली नाहीत, सून आतून खांदा लावून उभी होती. पण दाराची वरची काच फुटली आणि त्याचा हात आत आला. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिचा गाल फुटक्या काचेवर ओढला. रक्ताची धार लागली.

मी हातोडा उचलला.

"आई, हिला दार उघडायला सांग!" तो ओरडला.

मी त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला.

"आई, मी आहे, मी!"

"माहितेय," म्हणाले आणि पुन्हा घातला. याच हाताला धरून मी त्याला चालायला शिकवलं होतं. तिसऱ्या घावाला मूठ सुटली.

शेजाऱ्यांनी बोलावलेल्या पोलिसांनी त्याला जिन्यातूनच उचललं. तिच्या गालाला टाके घालून आम्ही घरी आलो, आणि मी भडाभडा रडले. कुणासाठी ते विचारू नका.

ती शेजारी येऊन बसली. टेबलावरचा माझा फोन उचलून माझ्या हातात दिला.

"टाका, आई," म्हणाली, आणि सुजलेल्या ओठांनी पासवर्डचं एकेक अक्षर सांगू लागली. मी डोळे पुसून चष्मा लावला.